चाळीस वर्षांच्या फ्लॅटला पंचाण्णव लाख कसे?

पेठेतला_आर्किटेक्ट

परवा इथेच एकाने लिहिलं होतं: "कोथरूडात १९८४ ची बिल्डिंग. लिफ्ट नाही, पार्किंग नाही, बाथरूमच्या छताला ओल. ६८० चौफू बिल्टअपचे ९५ लाख मागतात. हे म्हातारे मालक लोभाने आंधळे झालेत." खाली प्रतिसादांची रांग, सगळे "अगदी खरं" म्हणणारे. त्यातल्या एकानेही समोरचा रस्ता किती मीटरचा आहे ते विचारलं नाही, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

सोसायट्यांच्या रिडेव्हलपमेंटचे, म्हणजे जुनी इमारत पाडून नवी बांधणं परवडेल का याचे, फिजिबिलिटी रिपोर्ट करणं हा माझा रोजचा धंदा. सोपा हिशेब मांडतो. दहा हजार चौफूचा प्लॉट आहे. त्या काळी एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) एक होता, म्हणून तळमजला अधिक तीन मजले आणि सातशे चौफूचे चौदा फ्लॅट बसले. म्हणजे प्रत्येक सभासदाच्या वाट्याला साधारण सातशे चौफू जमीन. त्याच प्लॉटवर आज टॉवर उभा राहिला, तर हजार चौफूचा फ्लॅट घेणाऱ्याच्या वाट्याला जेमतेम तीनशे येते. तुम्ही ओल आलेल्या छताकडे बघून भाव ठरवताय. विकणारा मात्र जमिनीचा दुप्पट तुकडा विकतोय.

आता रस्ता. पाडून पुन्हा किती बांधता येईल हे २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत सगळं रस्त्याच्या रुंदीवर आहे. रस्ता नऊ मीटरपेक्षा कमी असेल तर मूळ १.१ वर गाडी थांबते, प्रीमियम एफएसआय (सरकारी शुल्क भरून मिळणारा) नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) नाही. नऊ मीटर झाला की १.१ अधिक ०.५ प्रीमियम अधिक ०.४ टीडीआर, म्हणजे २.०. त्यावर पैसे भरून साठ टक्के अॅन्सिलरी (जिने, बाल्कन्यांसारख्या भागांसाठीचा जादा एफएसआय). कागदावर ३.२ पर्यंत जातं. एकाच वर्षी, एकाच बिल्डरने बांधलेल्या दोन इमारती, एक साडेसात मीटरच्या बोळात आणि दुसरी नऊ मीटरच्या रस्त्यावर. दोन्हींचा रंग सारखाच उडालाय, पण भावात वीस-पंचवीस लाखांचा फरक पडू शकतो आणि तो रास्त असतो. वनाजची मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, तिचा भाव वेगळा. एवढं समजून घेतल्याशिवाय कुणाच्या म्हाताऱ्या आईवडिलांना लोभी म्हणू नका.

---

घर_शोधतोय_कर्वेनगर

तो मूळ प्रतिसाद माझा होता. तुमचा हिशेब वाचला. आता माझा वाचा.

त्याच फ्लॅटसाठी बँकेत गेलो. व्हॅल्युअर आला, भिंतीवर नाणं वाजवून बघितलं, टेरेसवर जाऊन फोटो काढले. व्हॅल्युएशन ७२ लाख. वर इमारतीचं वय बघून कर्जाची मुदत पंधरा वर्षांवर आणली. वीस वर्षांचा हप्ता धरून मी घरखर्च बसवला होता, तो सगळा कोलमडला. ७२ लाखांवर बँक ऐंशी टक्के देणार, उरलेलं सगळं माझ्या खिशातून. वर मालकांचा निरोप: "थोडी रक्कम रोख बघा."

तुम्ही म्हणता जमिनीचा तुकडा. कुणाच्या नावावरचा? त्या सोसायटीचं कन्व्हेयन्सच, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणंच, झालेलं नाही. प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ जमीनमालकाचं नाव आहे आणि त्याच्या वारसांची यादी मी स्वतः वाचली आहे, अर्धं पान भरतं. एजंट म्हणाला, "रिडेव्हलपमेंटचं चालूच आहे." चौकशी केली तर आजवर एक सभा झालेली, तीही चहावर आटोपली.

म्हणजे उद्या होईल की नाही माहीत नाही अशा इमारतीचा फायदा मालकाला आज रोख हवा. आणि इमारत होईपर्यंत जिना चढायचा, ओल पुसायची, हप्ता भरायचा आणि बिल्डरने तोवरच्या पर्यायी घराचं भाडं मध्येच थांबवलं तर दोन्हीकडून मरायचं ते मी. जोखीम पूर्ण माझी आणि नफा आधीच वसूल केलेला तुमचा. याला लोभ नाही तर काय म्हणायचं?

---

पेठेतला_आर्किटेक्ट

कन्व्हेयन्स नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्सचा (जमीनमालक सही करत नसला तरी जमीन नावावर करून घेण्याचा) अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करता येतो. वेळ लागतो, पण होतं. तरी कन्व्हेयन्स झालेलं नसताना पूर्ण भाव मागणं चूक आहे, हे मान्य. एवढंच मान्य.

---

खोली_नंबर_अकरा

पुणेकरांनो, तुमच्याकडे निदान बाथरूम तरी आहे. आमच्या गिरगावात १८० चौफूची खोली, संडास मजल्याच्या टोकाला, लाकडी जिन्याला टेकू लावलेला, आणि तरी पागडीने (एकरकमी पैसे मोजून भाडेहक्क) खोली घ्यायला माणसं दारात उभी. महिन्याचं भाडं इतकं कमी की पावती फाडायला मालकाचा माणूस कंटाळतो.

का घेतात? मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली पुनर्विकास झाला तर भाडेकरूला किमान ३०० चौफू कार्पेट (भिंतींच्या आतलं वापराचं क्षेत्र) मिळतं. गिऱ्हाईक १८० ची खोली बघत नाही, त्या तीनशेचा भाव लावतं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीलाही मान्यता दिली, त्यामुळे आता कुणी लपूनछपून करत नाही. मालकाचा हिस्सा बाजूला काढायचा, पावती नव्या नावाने करून घ्यायची, झालं.

पण कर्वेनगरवाल्या भावा, तुझं म्हणणं मला पटतं. आमच्या शेजारच्या चाळीचं असंच झालं. माणसांनी खोल्या रिकाम्या केल्या, डोंबिवली-विरारला भाड्याने गेली, पहिली काही वर्षं भाड्याचा चेक आला, मग बंद. प्लॉटवर पत्रे ठोकलेले, आत पिंपळ उगवलाय. ज्यांनी शेवटच्या वर्षी चढ्या भावाने खोली घेतली त्यांचं तर विचारूच नका.

---

आईचं_घर_विकतेय

मी "लोभी मालक" आहे. आईचा फ्लॅट विकायला काढलाय, त्याच भागात. ती ७८ वर्षांची, दुसरा मजला, गुडघे गेलेले. तिला लिफ्ट हवी. पण तिचे डॉक्टर तिथले, बँक तिथली, यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाच्या बाहेर भेटणाऱ्या मैत्रिणी तिथल्या. तिला उचलून वाघोलीला नेऊन ठेवू का?

त्याच भागात लिफ्टचा नवा टू बीएचके सव्वा कोटीच्या खाली कुणी दाखवला तर मी आजच जुना फ्लॅट ८० ला देते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी आम्हालाही भरायची आहे. भांडवली नफ्याचा कर वाचेल, पण ठरलेल्या मुदतीत दुसरं घर घेतलं तरच. आमची मागणी आमच्या पुढच्या घरावरून ठरते, तुमच्या बजेटवरून नाही. आणि रोख मी एक रुपया मागितलेली नाही, सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

---

घर_शोधतोय_कर्वेनगर

ताई, तुमच्या आईंबद्दल आदर आहे. पण तुमच्या पुढच्या घराचे पैसे मी का भरायचे, याचं उत्तर यात नाही.

---

आईचं_घर_विकतेय

भरू नका. दुसरं घर बघा. कुणी बळजबरी केलेली नाही.

---

सचिव_सोळा_सभासद

मुद्दा सगळे सोडून बोलताय. जुन्या इमारतींचे भाव फुगतात आणि रिडेव्हलपमेंट मात्र होत नाही, याला कारण बंद फ्लॅट. आमच्या सोळापैकी पाच बंद आहेत. मालक अमेरिकेत, दुबईत, एक बंगळुरात. वर्षातून एकदा येतात, कुलूप उघडतात, पाल मारतात, जातात.

सहकार कायद्याच्या ७९-अ खाली रिडेव्हलपमेंटला पूर्वी ७५ टक्के संमती लागायची, २०१९ च्या शासन निर्णयाने ती ५१ वर आली. सगळे खूष. पण त्या सभेला दोन-तृतीयांश गणसंख्या लागते, ती कोण आणणार? सोळाचे दोन-तृतीयांश म्हणजे अकरा. पाच बंद. उरले बरोबर अकरा. म्हणजे सगळ्यांनी यायचं. गेल्या खेपेला पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना ताप आला आणि सभा बारगळली. निबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी येऊन परत गेला.

बंद फ्लॅटवाल्यांना भुर्दंड काही नाही. बिगर-भोगवटा शुल्क फक्त भाड्याने दिला तर, तेही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. नुसतं कुलूप लावलं तर शून्य. यांना घाई कशाला असेल? भाव आपोआप वाढतोय. वरच्या टाकीची गळती, पंपाची दुरुस्ती, वॉचमनची भानगड हे आम्ही बघायचं, आणि रिडेव्हलपमेंट झाली की जादा कार्पेट आणि कॉर्पस (बिल्डर देतो ती रक्कम) यांनाही सारखाच. कायदा बदला. सलग दोन वर्षं बंद ठेवलेल्या फ्लॅटला दुप्पट मेंटेनन्स लावा.

---

न्यूजर्सीतला_नारायणपेठी

झालं, पुन्हा एनआरआयवर घसरले. मी त्या बंद फ्लॅटवाल्यांपैकी एक, पुण्यातल्याच दुसऱ्या सोसायटीत. वर्षाचा मेंटेनन्स एप्रिलमध्ये आगाऊ भरतो. राहणाऱ्यांपैकी तीन जण थकबाकीत आहेत, त्यांची नावं नोटीस बोर्डावर लागतात, माझं कधीच नाही. पाणी मी वापरत नाही, कचरा करत नाही, जिना झिजवत नाही. आणि दुप्पट मी भरायचं?

सभेची नोटीस कशी येते ते ऐका. बंद दाराच्या फटीतून आत सरकवलेला कागद. गेल्या डिसेंबरमध्ये आलो तेव्हा दाराआड गठ्ठा पडला होता, त्यात एका सभेची नोटीस, होऊन सात महिने झालेली. सचिवांकडे माझा ईमेल आहे, व्हॉट्सअॅप आहे, दिवाळीच्या शुभेच्छा त्यावर येतात. नोटीस येत नाही.

भाड्याने का देत नाही, हेही सांगतो. दिला होता. अकरा महिन्यांचा करार संपला आणि भाडेकरू हलेना. माझी आठवड्यांची रजा पोलीस चौकी आणि वकिलाच्या ऑफिसात गेली. त्या फ्लॅटमध्ये बाबा गेले. तो पुन्हा अनोळखी माणसाच्या हातात द्यायची माझी तयारी नाही, आणि त्याचा खुलासा मी कुणाला देणं लागत नाही.

---

सचिव_सोळा_सभासद

भावना सगळ्यांना आहेत. तुमच्या भावनांसाठी चौथ्या मजल्यावरच्या आजींनी आयुष्यभर जिना चढायचा का? त्यांना गेल्या पावसाळ्यात खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं, दवाखान्यात न्यायला. वळणावर खुर्ची भिंतीला घासत होती आणि त्या डोळे गच्च मिटून कठडा धरत होत्या. तेव्हा न्यू जर्सीहून कोणी आलं नव्हतं.

---

न्यूजर्सीतला_नारायणपेठी

तुमच्या सोसायटीतल्या आजींचा जाब मला विचारू नका. पातळी सोडताय तुम्ही.

---

खोली_नंबर_अकरा

दोघेही जरा दमाने घ्या. सचिवसाहेब, आजी खऱ्या आहेत हे पटतं. पण नोटीस ईमेलने पाठवायला काय हरकत आहे, तेवढं सांगा.

---

घर_शोधतोय_कर्वेनगर

या बंद फ्लॅटच्या भांडणात माझा मुद्दा बुडाला. तरी मला एक कामाची गोष्ट मिळाली. पंचाण्णव लाख हा जाहिरातीतला आकडा. मी काल नोंदणी विभागाच्या साइटवर जाऊन त्याच गल्लीतल्या व्यवहारांचे इंडेक्स टू (नोंदलेल्या खरेदीचे उतारे) काढले. नोंदलेले आकडे मागणीपेक्षा बरेच खाली आहेत.

आर्किटेक्टसाहेब म्हणतील त्यात रोखीचा भाग दिसत नाही. असेल. पण ज्या पैशाची नोंद नाही त्यावर बँक मला कर्ज देणार नाही, म्हणून माझ्यासाठी भाव तोच. रस्ता मोजला, नऊ मीटरच्या वर आहे, तुमचं तेवढं बरोबर निघालं. कन्व्हेयन्स नाही म्हणून मी ७८ ची ऑफर दिली आहे, सगळी चेकने.

---

पेठेतला_आर्किटेक्ट

७८ कमी आहे, पण ऑफर म्हणून ठीक. रस्ता मोजला म्हणता, तो जागेवर मोजला की विकास आराखड्यात पाहिला? जागेवर नऊ दिसणारा रस्ता कागदावर साडेसात निघाल्याची प्रकरणं माझ्याकडे येतात. महापालिकेतून मंजूर रुंदी लेखी घ्या, मगच टोकन द्या. आणखी एक. सहकारनगरकडे बघत असाल तर थांबा. १९६१ च्या पानशेत पुरानंतर पूरग्रस्तांसाठी वसलेल्या सोसायट्यांत जमीन मुळात भाडेपट्ट्याने दिलेली होती. तिथे आधी पट्ट्याची आणि हस्तांतराची कागदपत्रं बघा, रस्ता नंतर.

मूळ मुद्द्यावर मी ठाम आहे. त्या फ्लॅटची किंमत आहे. ती आज पूर्ण मागायची की कन्व्हेयन्स झाल्यावर, एवढाच वाद उरतो.

---

आईचं_घर_विकतेय

७८ चेकने, कन्व्हेयन्स नसताना. आमचं कन्व्हेयन्स झालेलं आहे, रस्ता बारा मीटरचा. ८८ च्या खाली मी येणार नाही. पण बोलायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आई दुपारी दोन ते चार झोपते, त्या वेळात फोन नको.

---

सचिव_सोळा_सभासद

पुढच्या सभेची नोटीस पाचही बंद फ्लॅटवाल्यांना ईमेलने जाईल, पोचपावतीसह. तुमच्या सोसायटीचं मला माहीत नाही, न्यू जर्सीवाले, तिथे तुम्ही भांडा. पण नोटीस मिळूनही कोणी आलं नाही, तर दुप्पट मेंटेनन्सचा ठराव मीच मांडणार. तो टिकणार नाही हे वकिलाने सांगितलंय. तरी मांडणार, म्हणजे निदान इतिवृत्तात नोंद तरी राहील.