सिरिंज पंपाच्या दुरुस्तीनंतर रिपोर्टमध्ये नेमके काय लिहावे? मदत हवी आहे

नमस्कार.

मी मुंबईत वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्तीचे काम करतो. मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतल्यापासून याच क्षेत्रात आहे आणि सध्या निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे दुरुस्त करणाऱ्या एका लहान संस्थेत नोकरी करतो. आमचे बहुतेक ग्राहक पश्चिम उपनगरांतील छोटी नर्सिंग होम आहेत. मॉनिटर, ईसीजी किंवा सक्शन मशिन यांच्या बाबतीत माझे सहसा अडत नाही. प्रश्न सिरिंज पंपाचा, म्हणजे सिरिंजमधील औषध ठरावीक वेगाने रुग्णाला देणाऱ्या यंत्राचा आहे, आणि या कामातील अनुभवी मंडळींचे मत मला मनापासून हवे आहे.

आमच्याकडे येणाऱ्या पंपांत दोन बिघाड वारंवार दिसतात. पहिला यांत्रिक असतो. सांडलेले डेक्स्ट्रोज सरकत्या दांड्यावर वाळून त्याचा चिकट थर बसतो, किंवा प्लंजर (सिरिंजचा दट्ट्या) पुढे ढकलणाऱ्या लीड स्क्रूला, म्हणजे फिरत्या आटेदार दांड्याला, पकडून ठेवणाऱ्या हाफ नटचे आटे झिजून तो त्यावरून घसरू लागतो; मग पडद्यावर ताशी ५ मिली दिसत असले, तरी प्रत्यक्षात औषध कमी जाते. साफसफाई केली किंवा नट बदलला, की हे काम मार्गी लागते. दुसरा बिघाड फोर्स सेन्सरचा, म्हणजे दाब ओळखणाऱ्या भागाचा असून माझी खरी अडचण तेथेच आहे. नळी तुंबली की प्लंजरवरचा दाब वाढतो, सेन्सर तो ओळखतो आणि पंप अलार्म देऊन थांबतो. नवा सेन्सर बसवल्यावर त्याची जुळणी (तो दाब अचूक दाखवेल असे सेटिंग) नीट झाली नाही, तर अलार्म उशिरा वाजतो आणि तोवर नळीत दाबाखाली साठलेले औषध अडथळा निघताच एकदम रुग्णाच्या शरीरात जाते. ते रक्तदाब वाढवणारे नॉरअ‍ॅड्रेनलिन असेल, तर रक्तदाब एकाएकी किती चढेल, हे आयसीयूतील कोणतीही सिस्टर सांगू शकेल.

ही जुळणी सर्व्हिस मोडमधूनच, म्हणजे पंपातील दुरुस्तीसाठीच्या खास सेटिंगमधूनच करता येते आणि त्याचा पासवर्ड उत्पादक आम्हाला देत नाही. एका पंपाबाबत लेखी विचारणा केली असता, पंप अधिकृत केंद्राकडे पाठवावा, एवढेच उत्तर मिळाले. मोजकेच पंप असलेल्या नर्सिंग होमला त्यातला एक बरेच दिवस बाहेर ठेवणे परवडत नाही, हे मलाही समजते. तरीही जुळणी न करता पंप परत देणे मला पटत नाही.

आमच्याकडे इन्फ्युजन अ‍ॅनालायझर, म्हणजे पंपाचा प्रवाह आणि दाब तपासणारे उपकरण नाही. त्यामुळे प्रवाह तपासण्यासाठी मी ५० मिलीच्या सिरिंजमधून पाणी अचूक वजनकाट्यावरील भांड्यात सोडतो, बाष्पीभवनाने आकडा चुकू नये म्हणून पाण्यावर लिक्विड पॅराफिनचा पातळ थर ठेवतो आणि ठरावीक वेळेतील वजनावरून ताशी मिली काढतो. अलार्मसाठी थ्री-वेला (नळीच्या तीन तोंडी जोडाला) दाबमापक जोडून, नळी बंद करून, पंप किती मिमी एचजी दाबाला थांबतो ते पाहतो. ही पद्धत ढोबळ नाही, असे माझे मत आहे. परंतु दाबमापकाचे स्वतःचे कॅलिब्रेशन (प्रमाणित मापाशी पडताळणी) प्रमाणपत्र नसेल, तर त्यावरच्या आकड्याला किती वजन द्यावे, हा प्रश्न उरतोच.

एका नर्सिंग होमच्या डॉक्टरांना एनएबीएचच्या (रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) तपासणीसाठी पंपांवर ‘कॅलिब्रेटेड’ असे स्टिकर हवे आहे आणि आमच्या साहेबांचाही ते लावून द्यावे असा आग्रह आहे. मी रिपोर्टमध्ये बदललेला भाग, मोजलेला प्रवाह, अलार्मचा दाब आणि मोजण्याची पद्धत लिहितो. ‘कॅलिब्रेटेड’ हा शब्द लिहिण्यास मात्र मी नकार दिला आहे. माझ्या मते कामचलाऊ तपासणी आणि प्रमाणित कॅलिब्रेशन यांत रिपोर्ट वाचणाऱ्याला स्पष्ट फरक दिसलाच पाहिजे, कारण रात्रपाळीच्या सिस्टर आमचा रिपोर्ट वाचत नाहीत, त्या स्टिकर पाहूनच पंप रुग्णाला लावतात.

आता माझी विचारणा अशी आहे. मुंबई, ठाणे किंवा नवी मुंबईत अशा इन्फ्युजन पंपांसाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेली आणि शक्यतो रुग्णालयात येऊन काम करणारी प्रयोगशाळा कोणी वापरली आहे का, आणि प्रत्येक पंपामागे साधारण किती खर्च येतो? फोर्स सेन्सर बदलल्यावर सर्व्हिस मोड उपलब्ध नसेल, तर पंप आयसीयूतून काढून कमी जोखमीच्या कामासाठी ठेवावा, अशी लेखी शिफारस तुम्ही करता का, की तो पूर्णच बंद ठेवायला सांगता? आयसीयूऐवजी साध्या वॉर्डात सलाइनबरोबर प्रतिजैविक देण्यापुरता तो वापरावा, असे मला सुचते, पण वॉर्डातला पंप गरज पडली की पुन्हा आयसीयूत जातो, हेही पाहिलेले आहे.

ज्यांनी रुग्णालयाच्या बायोमेडिकल (उपकरणांची देखभाल करणाऱ्या) विभागात काम केले आहे, त्यांनी तेथे दुरुस्तीनंतरच्या रिपोर्टचा नमुना कसा असतो, त्यात कोणकोणते रकाने असतात आणि सही कोणाची लागते, एवढे सांगितले तरी मोठी मदत होईल. तो नमुना घेऊन मला या आठवड्यात साहेबांशी आणि डॉक्टरांशी बोलायचे आहे.