क्रीम हायलायटर घेऊ की पावडर? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, मे महिन्यात चुलतबहिणीचं लग्न आहे, तेही रत्नागिरीत, दुपारच्या मुहूर्तावर. म्हणजे घाम आलाच! मेकअप माझा मीच करणार आहे. हायलायटरने गालांवर हलकी, आतून आल्यासारखी चमक हवीय. फोटोत नुसतं चकाकायला नको.

त्वचा मिश्र आहे. नाक-कपाळ तेलकट, गाल कोरडे, त्यावर मुरमांचे जुने खड्डे. पावडर हायलायटरमधल्या अभ्रकाच्या चमकीने ते खड्डे जास्तच उठून दिसतात. क्रीम बोटाने थोपटलं की त्वचेत मिसळून जातं, पण दमट हवेत टिकेल का? कॉम्पॅक्टवर क्रीम लावलं की खालचा बेस उखडतो, म्हणून आधी क्रीम आणि मग फक्त नाक-कपाळावर पावडर, असा विचार आहे. की क्रीमवर त्याच छटेच्या पावडरचा अगदी पातळ हात फिरवू?

रंगाचंही सांगा. वर्ण गव्हाळ, चंदेरी छटा माझ्यावर राखाडी दिसते. शॅम्पेन (फिकट, बेजकडे झुकणारी सोनेरी छटा) घेऊ की गडद सोनेरी? नथ, ठुशी सगळं सोन्याचंच असणार आहे.

कोकणात किंवा मुंबईत उन्हाळ्यात क्रीम वापरणाऱ्यांनी जरूर लिहा. बजेट ७०० रुपयांपर्यंत.