पश्चिमेच्या खिडकीला नुसतं ब्लॅकआउट पुरत नाही

पश्चिमेकडच्या बेडरूममध्ये झोपेसाठी अंधार हवा आणि उकाडाही कमी व्हायला हवा, तर खिडकीला काय लावावं, असा प्रश्न इथे विचारलाय. त्यावर बऱ्याच जणांनी ब्लॅकआउट रोलर ब्लाइंड, म्हणजे उजेड अडवणारे, वर गुंडाळले जाणारे पडदे सुचवलेत. झोपेसाठी ते उत्तमच, पण मूळ प्रश्न उकाड्याचाही होता ना? ऊन एकदा काचेतून आत आलं की ब्लाइंड तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. म्हणून काचेकडची बाजू पांढरी किंवा चंदेरी असलेलं कापड घ्या. जमत असेल तर खिडकीच्या बाहेरून बांबूची चिक (काड्यांचा पडदा) सोडा. बरंचसं ऊन काचेपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे आतल्या कुठल्याही ब्लाइंडपेक्षा जास्त फरक पडतो.

रोलर चौकटीच्या आत बसवला तर दोन्ही कडांनी उजेडाच्या रेघा येतात. पूर्ण अंधार हवा असेल तर तो भिंतीवर, चौकटीपेक्षा थोडा रुंद लावा.

स्वयंपाकघरात कापडी नकोच. तेलकट थर बसतो, पुसता येणाऱ्या पट्ट्यांचा ब्लाइंड बरा.

प्रश्नात घरात लहान मूल आहे असंही लिहिलंय, म्हणून कळकळीने सांगते: लोंबती दोरी किंवा साखळी असलेला ब्लाइंड घेऊच नका. गळ्याला फास बसून मुलं दगावलेली आहेत. बिनदोरीचा घ्या आणि मुलाचा पलंग खिडकीपासून लांब ठेवा.