एका चुकीवरून नोकरी जाईल का? झोप उडालीये

खतावणी: चाकणला अकाउंट्सला आहे, ८ महिने झाले. एका बिलावर पार्टीचा जीएसटी नंबर चुकला, १५ मधला एकच आकडा, आणि जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) भरूनही झालं. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, "असली माणसं ठेवायचीच कशाला?" तेव्हापासून प्रत्येक एंट्री चारदा तपासते, काल आणखी एक चूक दिसली तर सांगायला तोंडच उघडेना...

जुनाजाणता: ताई, आधी श्वास घ्या. पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये टेबल ९ए ला नंबर दुरुस्त होतो, पार्टीला फोन करून कळवा म्हणजे त्यांचं टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) अडकलंय ते त्यांना कळेल. कालची चूक मात्र आजच मेलवर सांगा, दडवलेली चूक ऑडिटला निघाली की जास्त महागात पडते.

रात्रपाळी: मी लाइनवर काम करतो. टोयोटाच्या पद्धतीत गडबड दिसली की कामगारानेच लाइनजवळची इशाऱ्याची दोरी ओढायची, लीडर धावत येतो, विचारतो काय झालं. आमच्या आधीच्या कंपनीत विचारायचे कोणी केलं, म्हणून पोरं खराब पार्ट गुपचूप खाली सरकवायची, आणि रोज वाटायचं आज आपला नंबर.

खतावणी: मेल टाकला आत्ता. हात थरथरत होते खरंच.