'द रॉयल हॉटेल' : पबला आग लावणं पटलं का?

कोरांटी

(चित्रपटाचा शेवट खाली उघड केला आहे. पाहायचा असेल तर आधी पाहून या.)

किटी ग्रीनचा २०२३चा 'द रॉयल हॉटेल' पाहिल्यापासून डोक्यातून जात नाहीये. हॅना आणि लिव्ह या दोन परदेशी मुली ऑस्ट्रेलियात फिरायला आल्यात. सिडनीत पैसे संपतात आणि काम मिळवून देणारी संस्था त्यांना आडरानातल्या एका खाणगावच्या पबमध्ये धाडते. काउंटरवर उभं राहून दारू द्यायची, राहायचंही तिथेच. गिऱ्हाईक जवळजवळ सगळे पुरुष. पबचा मालक बिली (ह्यूगो वीव्हिंग) दिवसभर झिंगलेला.

मला सगळ्यात भिडलं ते हे की बराच वेळ 'तसलं' काही घडतच नाही. एक अचकट विनोद. "हस की जरा" अशी मागणी. रात्री पब बंद करताना न उठणारा माणूस. यातली एकही गोष्ट घेऊन पोलिसात गेलं तर हात हलवत परत यावं लागेल. पण हॅना (ज्युलिया गार्नर) यातली प्रत्येक गोष्ट मनात नोंदवत राहते, आणि लिव्ह म्हणत राहते की इथली माणसं अशीच असतात, मनावर घेऊ नकोस. बाईने भीती सिद्ध करायची कधी? काहीतरी होऊन गेल्यावरच? शेवटी दोघी पबला आग लावून चालत्या होतात, तेव्हा मला मोकळं वाटलं. तुम्हाला?

माळरान

मला नाही वाटलं. दिग्दर्शिकेने निकाल आधी लावलाय आणि पुरावा नंतर गोळा केलाय. पब दिसताक्षणी संगीत आणि कॅमेरा सांगू लागतात की इथे काहीतरी भयंकर होणार. त्यात ऑस्ट्रेलियाच्या आडवाटांची भीती प्रेक्षक सोबत घेऊनच येतो. इव्हान मिलातने १९८९ ते १९९२ या काळात सात तरुण प्रवाशांना मारून सिडनीजवळच्या बेलांग्लो जंगलात टाकलं होतं, ते जगभर गाजलं. ती भीती उसनी घ्यायची आणि तिचा भार चार दारुड्या कामगारांवर टाकायचा, हे मला अन्यायाचं वाटतं. त्या गिऱ्हाइकांतला डॉली धोकादायक आहे, मान्य. पण टीथ? तो एकटा पडलेला, नीट बोलताही न येणारा माणूस आहे. शहरातून आलेल्या मुलींच्या नजरेला गावचा प्रत्येक राकट माणूस राक्षस दिसतो, आणि चित्रपट ती नजर एकदाही तपासून पाहत नाही.

सांजवेळ

माळरान, टीथ एकटा आहे म्हणून लिव्हवर त्याचा हक्क तयार होत नाही ना. त्याचा एकटेपणा तिने का निस्तरायचा?

आणि तुमच्या प्रतिसादात नोकरीचा मुद्दाच आलेला नाही. बिली मालक, बिलीच घरमालक, पगार बिलीच्याच हातात. समोर बसलेला माणूस त्रास देतोय, पण तो गिऱ्हाईक आहे, त्याच्याशी गोड बोलणं हेच काम आहे. खाली काउंटरवर ज्याला हसून ग्लास दिला तोच रात्री खोलीबाहेर येऊन उभा राहू शकतो. मी एकटीने भरपूर फिरले आहे. रस्त्यावर कोणी त्रास दिला तर मी चालू लागते, रिक्षा पकडते, दुकानात शिरते. हॅनाला यातलं काहीच करता येत नाही, म्हणून ती घाबरते. तिची नजर शहरी आहे म्हणून नाही.

दूरदेशी

मी पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणींच्या कामावर आहे. पर्थहून विमानाने जायचं, दोन आठवडे काम, एक आठवडा घरी. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

या चित्रपटामागे २०१६चा 'हॉटेल कूलगार्डी' हा माहितीपट आहे. कूलगार्डी म्हणजे पर्थच्या पूर्वेला साधारण साडेपाचशे किलोमीटरवरचं जुनं सोन्याचं गाव. १८९२मध्ये तिथे सोनं सापडलं आणि माणसांची झुंबड उडाली, आता वस्ती अगदी तुरळक. फिनलंडच्या दोन मुली पैसे संपल्यामुळे तिथल्या पबात कामाला येतात आणि कॅमेरा सगळं टिपत राहतो. तो अवश्य पाहा. त्यात आग नाही, कुऱ्हाड नाही. त्यातली एक मुलगी पुढे गंभीर आजारी पडते. पुरुष मात्र कॅमेरा चालू आहे हे माहीत असूनही तसेच वागतात, कारण आपण काही चुकीचं करतोय असं त्यांच्या गावीही नसतं. मला चित्रपटापेक्षा तो जास्त भयानक वाटला.

माळरान म्हणतात त्यात मात्र तथ्य आहे. अशा गावात पब हीच एकमेव बसायची जागा असते. वाळवंटात माझी गाडी बंद पडली तेव्हा मदतीला आले ते असल्याच एका पबातले लोक. हे चित्रपटात कुठेच नाही.

सांजवेळ

तुमचा अनुभव खराच आहे. पण तीच माणसं रात्री अकरा वाजता काउंटरपलीकडच्या बावीस वर्षांच्या मुलीशी कशी वागतात, हे त्या अनुभवातून कळत नाही. मदत करणारा आणि त्रास देणारा हा एकच माणूस असू शकतो. चित्रपटातला मॅटी तसाच आहे. तो त्यांना पोहायला नेतो, हसवतो, हॅनालाही आवडतो. म्हणून तर त्याची जास्त भीती वाटते.

कोरांटी

मॅटीबद्दल अगदी हेच. डॉली कळतो, मॅटी कळत नाही.

दूरदेशी, माहितीपट शोधते. फिरता फिरता असं काम करू देणारा ऑस्ट्रेलियाचा व्हिसा भारतीयांनाही मिळतो का हो? भाची विचारत होती.

दूरदेशी

हो, २०२४पासून. व्हिसाचा प्रकार सबक्लास ४६२, वय १८ ते ३०, वर्षाला १००० जणांना, सोडतीने. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरावीक भागांत तीन महिने ठरावीक काम करावं लागतं, आणि दुर्गम भागातलं हॉटेल-पबचं कामही त्यात धरतात. म्हणजे उद्या आपल्याकडची मुलगीही अशाच एखाद्या काउंटरमागे उभी असू शकते. भाचीला जरूर जाऊ द्या. पण परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवायला सांगा, आणि राहण्याच्या खोलीला आतून कडी आहे का हे काम स्वीकारायच्या आधी विचारायला सांगा. मालकाला तो प्रश्न आवडला नाही, तर तिथे जाऊच नका म्हणावं.

माळरान

सांजवेळ, नोकरीचा मुद्दा मान्य. मालक आणि घरमालक एकच असणं म्हणजे कोंडी आहे, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. डॉली शुद्ध हरपलेल्या लिव्हला गाडीकडे नेतो तेव्हा हॅना कुऱ्हाड उचलते, तेही शंभर टक्के बरोबर.

पण आगीवर मी ठाम आहे. त्या पबात कॅरल राबते. सगळ्या गावात या मुलींची खरी काळजी करणारी ती एकटी. बिलीला घेऊन दवाखान्यात जाते तीही तीच. पबला माल पुरवणारा टॉमी आहे, बिलीने त्याचे पैसे थकवले आहेत. कॅरल आणि टॉमी दोघंही तिथले आदिवासी. आग लावल्यावर डॉली, टीथ, मॅटी यांचं काय गेलं? ते दुसऱ्या पबात बसतील. टॉमीचे पैसे बुडाले. कॅरल परत आली तर राख बघेल. दोन परदेशी मुली आपली बॅग उचलून मोकळ्या झाल्या, आणि चित्रपट तिथे संपला. मला 'मोकळं' वाटलं नाही ते यामुळे.

कोरांटी

कॅरलचा विचार मी केला नव्हता, आणि तो आता छळणार. तरी मी हॅनाच्या बाजूनेच. त्या रात्री ती मागे वळून हिशेब मांडत बसली असती, तर दोघी बाहेरच पडल्या नसत्या. कॅरलच्या बाजूने चित्रपट काढायचा तर तो वेगळा काढावा लागेल. मी तोही पाहीन.

माळरान

तो मीही पाहीन. तोवर आगीला माझा विरोध कायम.