वर्गात 6.6 कोटी वर्षं, रविवारी सहा दिवस: उत्तर कसं द्यावं?

काळा_पाषाण:
विदर्भातल्या एका ख्रिस्ती कॉलेजात भूशास्त्र शिकवतो. परवा प्रॅक्टिकलला दख्खनच्या दोन लाव्हाथरांमधल्या गाळाचा, सुमारे 6.6 कोटी वर्षं जुना दगड मुलांच्या हातात दिला. भिंग धरलं की त्यात नखाएवढ्या गोगलगायी दिसतात, गोड्या पाण्याच्या तळ्यातल्या. आमच्याच चर्चच्या मंडळीतली एक मुलगी म्हणाली, "सर, रविवारी उपासनेत बायबलमधल्या उत्पत्तीचा पहिला अध्याय तुम्हीच वाचलात. देवाने सहा दिवसांत जग घडवलं. मग खरं काय?" वर्ग बघत होता, बहुतेक हिंदू आणि बौद्ध मुलं. मी म्हणालो, "सिलॅबसमध्ये आहे ते लिहा." तेव्हापासून झोप नाही. मी दोन्ही मनापासून मानतो, आणि तोंडातून पळवाट निघाली.

निवृत्त_फिजिक्स:
सर, स्टीफन हिस्लॉप आठवा. नागपुरात मिशनरी म्हणून आला आणि अशाच थरांतले जीवाश्म वेचत हिंडला. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नदीच्या पुरात गेला. धर्मोपदेश आणि दगड, एकाच माणसाची कामं.

त्या मुलीला ओरिजेनची शंका सांगा. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, मग आधीचे तीन दिवस कसले? तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान हे विचारतो!

वर्गात प्रवचन मात्र नको. मुलांचे गुण आपल्या हातात असतात. अनुदानित संस्थेत संमतीशिवाय कुणाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे घटनेच्या कलम 28(3) मध्येही आहे.

माझी श्रद्धा प्रयोगवहीत उतरायची. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचं उत्तर 9.8 यावं म्हणून पोरं रीडिंग खोडायची. मी सांगायचो, 9.4 आलं तर 9.4 लिही, पूर्ण गुण देतो, आणि चूक कुठे झाली ते दोघं मिळून शोधू. संध्याकाळचे सहा वाजायचे.

वर्ध्याची_लेक:
मी बौद्ध घरातली, अशाच कॉलेजात शिकले. बॉटनीच्या मॅडम सरळ म्हणायच्या, "मी प्रार्थना करते आणि उत्क्रांतीही शिकवते. कसं, ते तास संपल्यावर विचारा." आम्ही चौघी गेलो. बोलताना "हे मलाही अजून उलगडलेलं नाही" असं त्या दोनदा म्हणाल्या. तिथेच माझा विश्वास बसला. तुमच्या मुलीने सगळ्यांसमोर विचारलंय, सर. उत्तरही सगळ्यांसमोर द्या.

काळा_पाषाण:
दोघांचेही आभार. गुरुवारी प्रॅक्टिकल आहे, तोच दगड काढून ठेवलाय. आधी सांगेन की त्या दिवशी मी उत्तर टाळलं. सर, ओरिजेनचा तो उतारा मराठीत कुठे मिळेल?