मायक्रोव्हॅस्क्युलर डिकम्प्रेशनविषयी थोडी भर

ट्रायजेमिनल न्यूरॅल्जियावर (चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूमुळे चेहऱ्यात उठणाऱ्या तीव्र कळांवर) गोळ्या लागू पडेनाशा झाल्या की मज्जातंतू बधिर करणे एवढाच मार्ग उरतो, असे एका प्रतिसादात म्हटले आहे. ते मला पटले नाही. मेंदूच्या खोडाजवळ एखादी धमनी, बहुतेकदा सुपीरियर सेरेबेलर नावाची, त्या मज्जातंतूला टेकून प्रत्येक ठोक्यासरशी त्याला डिवचत असेल, तर कानामागे कवटीला लहानसे छिद्र पाडून, सूक्ष्मदर्शकाखाली ती धमनी अलगद बाजूला सारतात आणि मध्ये टेफ्लॉनचा तुकडा बसवतात, ज्यामुळे मूळ कारणच दूर होते आणि चेहऱ्याची संवेदनाही सहसा टिकते. यालाच मायक्रोव्हॅस्क्युलर डिकम्प्रेशन म्हणतात. अमेरिकी मेंदूशल्यविशारद पीटर जॅनेटा यांनी रूढ केलेल्या या शस्त्रक्रियेच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ७० टक्के रुग्ण दहा वर्षांनंतरही औषधाविना वेदनामुक्त होते. त्या बाजूची श्रवणशक्ती कमी होण्याचा धोका मात्र (थोडा असला तरी) आधीच विचारून घ्यावा.